सहावा रकाना

अपघातांची वही माझ्याकडे असते
आणि प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली.
पेटीत आयोडीन, कापूस, मुदत संपलेलं मलम
आणि मालकांच्या आईचं गुडघ्याचं तेल.

खैरानी रोडवरचा गाळा. वर पोटमाळा, तिथे मी.
खाली अकरा प्रेस पत्रा कापतात:
कुलपांच्या जिभा, डब्यांची झाकणं, बिजागऱ्या.
माझ्या कपातला चहा दिवसभर थरथरतो.
तो अवेळी थांबला
की मी पेनाचं टोपण काढते.

वहीत सात रकाने.
तारीख, वेळ, नाव, यंत्र, अवयव, कारण, सही.
सहाव्यात काय लिहायचं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
कामगाराचा निष्काळजीपणा.
चौदा वर्षं हे दोन शब्द इतके गिरवले
की आता न बघता हात चालतो,
खाली त्यांचे चालतात तसाच.

किरकोळ काही वहीत येत नाही.
डोळ्यात उडालेला कण रुमालाच्या ओल्या टोकाने निघतो.
पत्र्याने चिरलं तर हळद, नाहीतर ग्रीसच.
कमरेत उसण भरली तर घरी पोरगं पाठीवर पाय देतं.
आणि कान गेले तर ते कुणी मोजतच नाही.
पॅकिंगची रजनी तांडेल हल्ली भांडल्यासारखी बोलते;
तिच्या लेकीला वाटतं, आई आपल्यावरच चिडलीय.

अवयवाच्या बाबतीत मात्र मी काटेकोर.
तर्जनी, दोन पेरं. मध्यमा, पूर्ण.
अनामिका पहिल्यांदा लिहिली तेव्हा जरा अडखळले होते.
जिला नावच नाही तिची नोंद करायची कशी?
तक्त्यात तिचे सात टक्के.
करंगळीचेही सातच.
अंगठा तीस.
भाकरी थापताना कधीकधी
माझेच टक्के परातीत गोल फिरताना दिसतात
आणि भाकरी एका बाजूला जाड होते.

मार्चमधल्या एका मंगळवारी, अकरा चाळीसला, चहा थांबला.
सोनू गोरिवले. प्रेस नंबर चार. डावा अंगठा.
रिक्षात बसवताना मला म्हणाला,
"मॅडम, चारचा पट्टा काढायला सांगा, डाय बिघडंल."

नऊ दिवसांनी अर्जासाठी आला.
सही येत नाही त्याला.
अर्जावर छापील चौकोन, रुपयाच्या नाण्याएवढा,
खाली बारीक अक्षरात: डाव्या हाताचा अंगठा.
तो बँडेजकडे बघत राहिला, मी चौकोनाकडे.
मग हसला. खरंच हसला.
"जिथं आहे तिथनं मागवून घ्या की."
उजव्याचा घेतला.
शेजारी मी लिहिलं: डावा उपलब्ध नाही.
शाई पुसायला त्याला कापूस दिला, पेटीतला,
तर तो त्याने घडी करून खिशात ठेवला.

जिन्यावरून त्याला सोडायला उतरले.
चारवर नवीन पोरगा बसला होता, मिसरूडही न फुटलेला.
जाळीचं गार्ड भिंतीवरच्या खिळ्याला,
त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत.
गार्ड लावलं तर तासाला दोनशे नग कमी पडतात.
हा हिशेब मला कुणी सांगायला नको.
मागच्या दिवाळीआधी मीच टाइप केला होता,
बेरीज दोनदा तपासून.

वर आले. सोनूच्या ओळीत
सहावा रकाना अजून रिकामा होता.
नेहमीचे दोन शब्द हाताशी होतेच.
मी लिहिलं, गार्ड काढलेले होते.
कुणी काढायला लावलं,
कुणी टाइप केलं,
ते मावलं नाही.
रकाना जेमतेम दोन बोटं रुंद आहे.

आज सकाळपासून चहा थरथरतोय.
वही टेबलावर उघडी.
मालक जिना चढत असतील
तरी या आवाजात
मला ऐकू येणार नाही.